ओळ मोडण्याचा हक्क

कवितेची ओळ कुठे संपावी हे कवी ठरवतो आणि गद्याची ओळ कुठे संपावी हे कागदाची रुंदी ठरवते. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याला हा भेद कोणी समजावून सांगत नसे. हस्तलिखितावर एक नजर टाकली की इथे ओळ मोडायची ती मोडायचीच आणि तिथे ती जागेप्रमाणे पुढे वाहू द्यायची, हे त्याला उमगत असे. संगणकावर मात्र हा भेद दरवेळी नव्याने सांगावा लागतो, कारण एका खिडकीतून उचललेला मजकूर दुसऱ्या खिडकीत चिकटवताना मधली यंत्रणा ना कवीला ओळखते ना जुळाऱ्याला. तिच्यापुढे नुसती चिन्हे असतात, आणि त्यांतली कोणती ठेवायची व कोणती टाकायची याचा निर्णय ती आपल्याला न विचारता घेऊन मोकळी होते.

इंदूरमधील एका लहानशा मराठी मंडळाच्या संकेतस्थळावर सभासदांचे लेखन चढवण्याचे काम माझ्याकडे आहे. दिवाळी अंकाचे साहित्य, गणेशोत्सवातील स्पर्धांचे निकाल, सहलींची वर्णने, श्रद्धांजलीचे लेख, पाककृती आणि कविता (कविता तर फारच) असे सर्व काही माझ्याकडे येते. रामबागेतील ज्येष्ठ मंडळी हाताने लिहून जिल्हा न्यायालयाच्या आसपासच्या टंकलेखकाकडून टाइप करून घेतात. सुदामा नगरातील ताई मोबाइलवर लिहून व्हॉट्सॲपने पाठवतात, नोकरीसाठी पुण्या-बंगळूरला गेलेली मुले गूगल डॉक्सचा दुवा धाडतात आणि निवृत्त प्राध्यापक तळटिपांसकट वर्डची फाइल जोडतात. हे सारे मला एकाच संपादन-खिडकीत उतरवायचे असते. तक्रार मात्र सगळ्यांची एकच असते: ‘आमच्याकडे नीट दिसत होते, तुमच्याकडे गेल्यावर बिघडले.’

या तक्रारीवर दोन तोडगे सर्रास सांगितले जातात. मजकूर आधी नोटपॅडमध्ये चिकटवावा आणि तिथून पुन्हा उचलावा, म्हणजे सगळा कचरा निघून जातो, हा पहिला. आहे तसा चिकटवावा आणि मग जे वाईट दिसेल ते हाताने दुरुस्त करावे, हा दुसरा. पहिला सांगणारे बहुधा तंत्रज्ञ असतात आणि त्यांनी कधी गझल चिकटवलेली नसते. दुसरा सांगणारे लेखक असतात आणि त्यांनी ते पान मोबाइलवर उघडून पाहिलेले नसते. माझ्या मते मांडणी टिकवावी की टाकावी, हा प्रश्नच अपुरा आहे. आलेल्या मांडणीपैकी लेखकाची कोणती आणि त्याच्या यंत्राची कोणती, हे आधी पाहिले पाहिजे. घर बदलताना आपण भांडी, पुस्तके आणि देव सोबत नेतो, भिंतींचा रंग खरवडून नेत नाही. अडचण एवढीच आहे की मजकुराच्या बाबतीत सामान कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते हे दरवेळी उघड नसते, आणि देवनागरीत तर ही सीमा कधीकधी अक्षराच्या पोटातून जाते.

कॉपीची आज्ञा दिल्यावर नेमके काय घडते हे पाहिले की बराच गोंधळ उलगडतो. आपली समजूत अशी असते की अक्षरे उचलली गेली. प्रत्यक्षात वर्डसारखा प्रोग्रॅम त्याच मजकुराच्या अनेक आवृत्त्या एकाच वेळी क्लिपबोर्डवर (उचललेला मजकूर तात्पुरता ठेवण्याच्या जागेत) उपलब्ध करून देतो: एक निव्वळ अक्षरांची, एक एचटीएमएलची (संकेतस्थळाची पाने ज्या खुणांनी लिहिली जातात ती भाषा), एक मायक्रोसॉफ्टने १९८७ मध्ये आणलेल्या आरटीएफ या स्वरूपाची, आणि याखेरीज आणखीही काही. चिकटवून घेणारा प्रोग्रॅम त्यांतून स्वतःला झेपेल ती आवृत्ती निवडतो. नोटपॅड अक्षरांवर समाधान मानतो, तर संकेतस्थळाची संपादन-खिडकी एचटीएमएलची आवृत्ती पसंत करते. कंट्रोल-व्ही आणि कंट्रोल-शिफ्ट-व्ही यांत फरक आहे तो इथेच. पहिल्यात निवड खिडकीची असते, दुसऱ्यात बहुतेक ब्राउझरांत आपण तिला बजावतो की फक्त अक्षरे घे. म्हणजे मांडणी वाटेत हरवत नाही. ती क्लिपबोर्डवर असतेच. घेणाऱ्याने ती घेतलेली नसते, किंवा घेऊन नंतर गाळलेली असते.

गाळण्यालाही कारण आहे. एचटीएमएलमध्ये घातक आज्ञावली लपवता येते, म्हणून कोणतीही शहाणी संपादन-खिडकी आत येणाऱ्या खुणांची झडती घेते आणि परवानगीच्या यादीत नसलेल्या खुणा बाहेर ठेवते. ब्राउझरमधील पानावरच मजकूर संपादित करण्याची सोय इंटरनेट एक्सप्लोररच्या ५.५ या आवृत्तीत २००० साली आली आणि पुढे इतर ब्राउझरांनीही ती उचलली. परंतु चिकटवलेल्या मजकुराचे काय करायचे याविषयी सर्वांना बांधील असा एक नियम झाला नाही. प्रत्येक संपादकाने आपापली गाळणी विणली. त्यामुळे तीच वर्ड-फाइल एका संकेतस्थळावर सुखरूप उतरते आणि दुसऱ्यावर तिची दैना होते, यात लेखकाचा दोष नसतो आणि चढवणाऱ्याचाही नसतो.

कापणे आणि चिकटवणे ही क्रिया मुळात छपाईच्या व्यवसायातूनच संगणकात आली, हे मला नेहमी लक्षणीय वाटते. १९७०च्या दशकाच्या मध्यात झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी जिप्सी नावाचा मजकूर-संपादक घडवला, तो गिन अँड कंपनी या पाठ्यपुस्तकांच्या प्रकाशनसंस्थेसाठी. कात्री आणि गोंद घेऊन बसणाऱ्या माणसांची सवय त्यांनी पडद्यावर आणली. पण कागदाची पट्टी कापली की तिच्यावरचा टाइप, तिची ओळ, तिचे अंतर हे सारे तिच्याबरोबरच जात असे, कारण ते वेगळे काढण्याची सोयच नव्हती. पडद्यावरच्या पट्टीतून ते वेगळे काढता येते. आपल्या साऱ्या तक्रारींचे मूळ या वेगळे काढता येण्यात आहे, आणि साऱ्या सोयींचेही.

वर्डमधून एक साधा परिच्छेद एचटीएमएल म्हणून उचलला तर त्यात अक्षरांपेक्षा सजावटीचाच भरणा अधिक असतो. ‘एमएसओ’ या आद्याक्षरांनी सुरू होणारी नावे, समासांची मापे, ओळींमधील अंतरे, फॉन्टचे नाव आणि आकार, अक्षरांचा रंग, असे प्रत्येक परिच्छेदाच्या कपाळी लिहिलेले असते. ते सगळे संकेतस्थळावर तसेच उतरले तर तो एक लेख बाकी सर्व लेखांपासून फटकून वागतो. लेखकाने काळा रंग मुद्दाम निवडलेला नसतो, परंतु फाइलमध्ये ‘काळा’ अशी नोंद असली की रात्रीसाठी काळी पार्श्वभूमी लावलेल्या वाचकाला काळ्यावर काळी अक्षरे मिळतात, म्हणजे काहीच मिळत नाही. दोन्ही कडा सरळ करण्याची हौसही अशीच आहे. कागदावर ती शोभते, पण मोबाइलच्या अरुंद पडद्यावर लांब मराठी शब्द ओळीत मावत नाहीत आणि उरलेल्या शब्दांमध्ये बोट घालता येईल एवढ्या फटी पडतात. ही मांडणी यंत्राची आहे. ती टाकताना मला कसलाही संकोच वाटत नाही, आणि एखाद्या लेखकाने ‘पण मला तो फॉन्ट आवडतो’ असे म्हटले तरीही वाटत नाही.

संकोच वाटतो तो याद्यांपाशी आणि शीर्षकांपाशी. वर्डमधील क्रमांकित यादी क्लिपबोर्डवर खऱ्या यादीच्या रूपात येत नाही. क्रमांक, त्यापुढची मोकळी जागा आणि मजकूर अशा परिच्छेदांच्या रूपात येते, आणि ती यादी आहे हे संपादकाच्या गाळणीला खाणाखुणांवरून ओळखावे लागते. ओळखता आले नाही तर पाककृतीतील कृतीचे टप्पे विस्कटतात, आणि अनारशांच्या कृतीत टप्प्यांचा क्रम चुकला तर काय होते हे घरोघरी ठाऊक आहे. शीर्षकाचे असे की लेखकाने वर्डमधील ‘शीर्षक १’ ही शैली वापरली असेल तर ते संकेतस्थळावर शीर्षक म्हणूनच पोहोचते. त्याने नुसते अक्षर मोठे आणि ठळक केले असेल तर सफाईनंतर तिथे एक बुटका, निराधार परिच्छेद उरतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसत होते. एकात ‘हे शीर्षक आहे’ असे सांगितलेले होते, दुसऱ्यात ते वाचणाऱ्याने ताडायचे होते, आणि यंत्र ताडत नाही.

गूगल डॉक्सची एक गंमत सांगण्यासारखी आहे. तिथून उचललेला मजकूर बहुधा एका ठळक अक्षराच्या खुणेत गुंडाळलेला येतो, आणि त्याच खुणेवर शैलीची चिठ्ठी असते की वजन, म्हणजे अक्षराचा जाडपणा, साधेच ठेवावे. उलट लेखकाने मजकुरात जे शब्द खरोखर ठळक केलेले असतात, त्यांचा ठळकपणा खुणेत नसून केवळ शैलीच्या चिठ्ठीत असतो. आता ज्या गाळणीचे धोरण ‘खुणा ठेवा, चिठ्ठ्या फाडा’ असे असेल, तिच्यातून बाहेर पडताना संपूर्ण लेख ठळक होतो आणि ज्या चार शब्दांवर लेखकाला जोर द्यायचा होता ते त्या गर्दीत बुडून जातात. बंगळूरहून लेख पाठवणाऱ्या एका तरुणाला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, ‘मावशी, म्हणजे सगळ्यांनीच ओरडायचे ठरवले की ज्याला बोलायचे आहे त्याचे ऐकू येत नाही.’ मला त्याचे म्हणणे लेखापेक्षा बरे वाटले.

व्हॉट्सॲपवरून येणाऱ्या मजकुराला एचटीएमएलचा स्पर्शच नसतो. तिथे ठळक करायच्या शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारका असतात. २०१६ पासून ही सोय तिथे आहे आणि ताईमंडळींच्या बोटांत ती पक्की बसली आहे. परंतु काही संपादन-खिडक्या चिकटवलेली साधी अक्षरे मार्कडाउन या साध्या चिन्हांनी मांडणी सांगणाऱ्या पद्धतीच्या नियमांनी वाचतात, आणि मार्कडाउनमध्ये एकेरी तारका म्हणजे तिरके अक्षर. त्यामुळे ठळक पाठवलेले तिरके होऊन उतरते. देवनागरीला तिरक्या अक्षराची स्वतंत्र परंपरा नाही. ब्राउझर सरळ अक्षरालाच यांत्रिकपणे झुकवतो आणि वेलांट्या, रफार शेजारच्या अक्षरावर कलंडल्यासारखे दिसतात. त्याच नियमांनुसार ओळीच्या आरंभी दिलेली आडवी रेघ यादीचा बिंदू ठरते, म्हणून नाट्यछटेतील संवाद रेघ देऊन सुरू केलेले असतील तर पात्रे बाजारहाटाच्या यादीसारखी एकाखाली एक उभी राहतात. इथे दुरुस्ती हातानेच करावी लागते, आणि ती करण्यापूर्वी जोर खरोखर कुठे हवा आहे हे एकदा विचारून घेतलेले चांगले, कारण शुभेच्छांच्या सवयीने काही जणी अख्खा परिच्छेद तारकांत ठेवतात.

हे सारे गद्याचे झाले. कवितेचा प्रश्न दोन कळांमधील फरकावर उभा आहे. एंटर दाबले की नवा परिच्छेद सुरू होतो. शिफ्ट धरून एंटर दाबले की त्याच परिच्छेदात नवी ओळ सुरू होते. एचटीएमएलमध्ये या दोन गोष्टींसाठी दोन वेगळ्या खुणा आहेत, पी आणि बीआर, आणि कवितेचे व्याकरण नेमके या दोहोंत विभागलेले आहे: ओळ म्हणजे बीआर, कडवे म्हणजे पी. आमचे कवी वर्डमध्ये प्रत्येक ओळीनंतर एंटर दाबतात आणि कडवे संपले की दोनदा दाबतात. त्यांच्या फाइलमध्ये परिच्छेदांमधील अंतर शून्य ठेवलेले असल्यामुळे तिथे ते सुरेख दिसते. संकेतस्थळावर प्रत्येक ओळ स्वतंत्र परिच्छेद होऊन परस्परांपासून फुटून उभी राहते, आणि कडव्यांमध्ये ठेवलेला रिकामा परिच्छेद अनेक गाळण्या कचरा समजून काढून टाकतात. परिणामी ओळी दूर जातात आणि कडवी नाहीशी होतात. अभंगाचे चार चरण एकत्र दिसले नाहीत तर वाचणाऱ्याचा श्वास चुकतो. गझलेतील दोन शेरांमधली मोकळी जागा गेली तर प्रत्येक शेर आपल्यापुरता पूर्ण असतो ही त्या रचनेची अटच दिसेनाशी होते. या जागा म्हणजे सजावट नव्हे. त्या कवीने लिहिलेल्या आहेत, शब्दांइतक्याच.

आणि इथे नोटपॅडवाल्यांना त्यांचे श्रेय द्यावे लागते. प्रत्येक ओळीनंतर एंटर दाबून लिहिलेली कविता निव्वळ अक्षरांच्या रूपात चिकटवली तर बऱ्याच खिडक्या एका एंटरची ओळ करतात आणि मधल्या कोऱ्या ओळीवरून कडवे ओळखतात, म्हणजे सगळे टाकून देणारा मार्ग कवितेची चौकट अधिक विश्वासाने पोहोचवतो. मात्र त्या कवितेत एखादा शब्द कवीने मुद्दाम ठळक ठेवला असेल तर तोही याच मार्गाने बळी जातो. ओळींच्या सुरुवातीला स्पेसबार दाबून पायऱ्या रचणाऱ्या कवींची तर दोन्ही मार्गांवर पंचाईत होते, कारण लागोपाठ दिलेल्या अनेक मोकळ्या जागा ब्राउझर एकच समजून दाखवतो आणि ओळीच्या आरंभीच्या तर गिळूनच टाकतो. संकेतस्थळे चालवणाऱ्या वर्डप्रेस या प्रणालीच्या ब्लॉक-संपादकात (जिथे लेखाचा प्रत्येक भाग वेगळ्या चौकटीत ठेवतात) पद्यासाठी वेगळा ब्लॉक आहे. त्यात या जागा दिल्या तशा राहतात. तो डिसेंबर २०१८ पासून वर्डप्रेससोबत मिळू लागला आणि त्याचा उपयोग न करता लोक कवितेचे चित्र काढून चढवतात, याचे मला दुःख आहे. चित्रातील कविता शोधयंत्राला सापडत नाही, अंध वाचकाच्या यंत्राला वाचता येत नाही आणि मोबाइलवर मोठी करून पाहताना धूसर होते.

पीडीएफमधून उचललेल्या मजकुराचा आजार याच्या उलट असतो: तिथे गद्याची प्रत्येक ओळ कवितेसारखी तुटून येते, कारण पीडीएफला परिच्छेद ठाऊक नसतो, कोणते अक्षरचित्र पानावर कुठे ठेवायचे एवढेच ठाऊक असते. देवनागरीत त्याच कारणाने वेलांट्या जागा सोडतात आणि जोडाक्षरे फुटतात. अशा वेळी उचलण्याचा नाद सोडून मूळ फाइल मागवावी, ती नसेल तर पानाचे चित्र घेऊन अक्षर-ओळख करणाऱ्या प्रोग्रॅमला द्यावे. पीडीएफशी झगडण्यापेक्षा त्यात वेळ कमी जातो.

आतापर्यंत मी फॉन्टला भिंतीचा रंग मानत आले. परंतु मध्य प्रदेशात राहणाऱ्या माणसाला हे विधान तसेच सोडता येत नाही, कारण इथे अजूनही कृतिदेव हा जुना फॉन्ट जिवंत आहे. न्यायालयाजवळच्या टंकलेखकांचे हात रेमिंग्टन टंकयंत्राच्या कळफलकावर बसलेले असतात आणि कृतिदेव त्याच कळफलकाला धरून आहे. या फॉन्टमध्ये देवनागरी फक्त दिसते, साठवली जात नाही. फाइलमध्ये रोमन अक्षरेच असतात आणि फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरी आकार रंगवतो. ‘भारत’ हा शब्द तिथे एच, के, के, जे, आर या पाच अक्षरांनी लिहिलेला असतो. ऱ्हस्व वेलांटी तर उच्चाराच्या क्रमाने न येता दिसण्याच्या क्रमाने, म्हणजे व्यंजनाच्या आधी टाइप होते. असा मजकूर आपण ‘स्वच्छ’ करून चिकटवला की फॉन्ट निघून जातो आणि पडद्यावर रोमन अक्षरांचा चिवडा उरतो. इथे रंग गेला नाही, घरच गेले.

उपाय म्हणून कृतिदेवचे युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या सर्वमान्य पद्धतीत, रूपांतर करणारी साधने वापरली जातात आणि ती चांगली आहेत. पण त्यांतली बरीचशी निव्वळ अक्षरे घेतात, त्यामुळे ठळक शब्द, शीर्षके आणि तळटिपांचे वर टांगलेले अंक त्या वाटेवर गळून पडतात. शिवाय लेखात मधे एखादे इंग्रजी नाव किंवा औषधाचे नाव दुसऱ्या फॉन्टमध्ये असेल तर फॉन्टची माहिती गेल्यावर कोणते रोमन अक्षर देवनागरीचे सोंग होते आणि कोणते खरोखर रोमन होते, हे साधनाला कळण्याचा मार्गच उरत नाही. ते सगळ्याचेच रूपांतर करते आणि औषधाच्या जागी कोणत्याही भाषेत नसलेला शब्द उगवतो. म्हणून टंकलेखकाकडून फाइलबरोबर छापील प्रतही मागवायची आणि रूपांतर झाल्यावर ती शेजारी ठेवून वाचायचे, हा माझा नियम आहे. त्याच वाचनात ‘ळ’च्या जागी पडलेले ‘ल’ही सापडतात, दिवसभर हिंदी अर्ज टाइप करणाऱ्या हातांकडून ते होणारच.

युनिकोड आल्यावर हा प्रश्न मिटायला हवा होता, आणि बव्हंशी मिटलाही. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची आणि तीत देवनागरी पहिल्यापासून आहे. तरीही मराठीच्या वाट्याला एक नाजूक जागा उरली, ती आडव्या रफाराची, म्हणजे ‘दऱ्या’, ‘वाऱ्या’, ‘तऱ्हा’ या शब्दांतील त्या छोट्याशा चंद्रकोरीची. ती लिहिण्याचे दोन मार्ग आहेत. एकात नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला, ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त (पाय मोडण्याचे चिन्ह) जोडतात; दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर शून्य रुंदीचे एक अदृश्य जोडचिन्ह देतात. दिसायला दोन्ही एकच. पण चिकटवलेल्या मजकुरातून अदृश्य चिन्हे वेचून फेकणाऱ्या गाळण्या असतात, आणि त्यांच्या दृष्टीने हे जोडचिन्हही त्याच कचऱ्यातले. ते गेले की चंद्रकोरीचा रफार होतो, दऱ्यांचा दर्या होतो आणि आचाऱ्यांचे मानधन आचार्यांच्या नावे पडते. सह्याद्रीच्या सहलीवरील एका लेखात असा दर्या उसळलेला मी दुरुस्त केला आहे. लेखिकेने बरोबर लिहिले होते, अक्षर न बदलता अर्थ मात्र वाटेत बदलला होता. तेव्हापासून मी सर्वांना पहिला मार्ग सुचवते. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाणित कळफलकावर ‘र’च्याच कळीवर शिफ्ट धरून ‘ऱ’ मिळतो, आणि त्यात काही अदृश्य नसल्यामुळे फेकण्यासारखेही काही नसते.

याउलट शून्य रुंदीचे दुसरे एक चिन्ह आहे, जे जोडाक्षर होऊ न देता पाय मोडलेला दाखवते. ‘वाङ्मय’ लिहिताना काही जण ते ‘ङ’च्या हलन्तानंतर देतात. ते वाटेत गळाले तर शब्दाचा आकार थोडा बदलतो, वाचन बदलत नाही. एकाच जातीची दोन अदृश्य चिन्हे आहेत आणि त्यांतले एक लेखकाचे आहे, दुसरे बव्हंशी दिसण्याचे. कोणतीही सरसकट गाळणी हा निवाडा करू शकणार नाही.

‘ल’ आणि ‘श’ यांच्या आकाराचा प्रश्न मात्र मी संकेतस्थळाच्या बाजूचा मानते. २००९ साली महाराष्ट्र शासनाने वर्णमालेचा आदेश काढला, त्यात पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ होते. हिंदीत रूढ असलेले आकार वेगळे आहेत. युनिकोडमध्ये या दोन आकारांना वेगळे क्रमांक नाहीत. पान मराठीत आहे अशी नोंद पानाच्या खुणांत असेल आणि फॉन्टमध्ये मराठीची सोय असेल, तर मराठी आकार आपोआप दिसतात. म्हणजे चिकटवताना ते आणता येत नाहीत आणि आणण्याची गरजही नसते. एकदा संकेतस्थळाची भाषा हिंदी किंवा इंग्रजी अशी पडून राहिलेली असेल ती मराठी केली की पुरे. इंदुरात बहुतेक पाट्या, पत्रिका आणि पाने हिंदी वळणाची असल्यामुळे आमच्यापैकी अनेकांना हा फरक खटकतही नाही. मला खटकतो.

प्राध्यापकांच्या तळटिपांविषयी थोडक्यात सांगायचे तर वर्ड प्रत्येक टिपेला आत एक नाव देतो, आणि ती नावे सर्व फाइलींत एकसारखीच असतात. दोन लेख एकाच पानावर एकाखाली एक दिसत असतील तर दुसऱ्या लेखातील टीप क्रमांक १ वर बोट ठेवणारा वाचक पहिल्या लेखाच्या टिपेवर जाऊन पोहोचतो. टिपांच्या खुणा तेवढ्या राखाव्यात, दुवे नव्याने द्यावेत, पर्याय नाही.

गेल्या दिवाळीपासून आमच्याकडे एक नवाच वाद आला आहे. रामबागेतील एका काकांची मुक्तछंदातील कविता मी पद्याच्या ब्लॉकमध्ये ओळीला ओळ लावून, पायऱ्यांसकट चढवली. संगणकावर ती हुबेहूब दिसत होती. काकांनी ती नातीच्या मोबाइलवर पाहिली आणि लगेच फोन केला: ‘अहो, सातवी ओळ मी तोडलेली नाही, ती कोणी तोडली?’ ती कोणीच तोडली नव्हती; पडदा अरुंद होता आणि ओळ त्यात मावत नव्हती. छापील पुस्तकांत लांब ओळ मावली नाही तर उरलेले शब्द खालच्या ओळीत आत सरकवून ठेवण्याची पद्धत आहे, म्हणजे वाचकाला कळते की ही नवी ओळ नसून जुन्याच ओळीचा उरलेला भाग आहे. शैलीच्या दोन ओळी लिहून तीच सोय मी संकेतस्थळावर केली, परंतु त्यासाठी कवितेची प्रत्येक ओळ स्वतंत्र घटक म्हणून द्यावी लागते, म्हणजे ज्या बीआरचे मी इतके गोडवे गायले त्याला इथे रजा द्यावी लागते. काकांच्या पायऱ्या आणि हे आत सरकवणे यांची गल्लत होऊ नये म्हणून सरकवण्याचे माप त्यांच्या सर्वांत खोल पायरीपेक्षा अधिक ठेवले आहे. काकांना ते मान्य झाले. गझल लिहिणाऱ्यांना मात्र मान्य नाही. शेराचे दोन मिसरे (ओळी) डावीकडे एका रेषेत असलेच पाहिजेत आणि उरलेला शब्द आत सरकलेला दिसला की तिसरा मिसरा वाटतो, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यांच्यासाठी अरुंद पडद्यावर अक्षराचा आकारच लहान करून ओळ अखंड ठेवण्याचा प्रयोग चालू आहे, आणि त्यावर ज्यांना चष्मा लागला आहे अशा वाचकांच्या तक्रारी येऊ लागल्या आहेत.